दाखले

भुसावळ. कॉलेजचा पहिला मजला.
खिडकीशी सूक्ष्मदर्शक, आणि त्याला टेकवलेला
बढतीचा फॉर्म, पाने एकोणीस.
रकाना सात (क) : आपला एच-अंक लिहा.

मी तर बावीस वर्षं मोजतेच आहे.
हतनूरच्या जलाशयातलं एक मिलिलिटर पाणी
काचेच्या खाचेत सोडायचं,
हजार चौकोन, एकेकाला डोळा लावून
डोक्यावर भिंगरी फिरवत पोहणारे रोटिफर मोजायचे.
वरच्या आणि डाव्या रेषेवर बसलेला धरायचा,
खालच्या आणि उजव्या रेषेवरचा सोडायचा,
नाहीतर एकच जीव दोनदा मोजला जातो.
माणसं मोजताना कोणती रेष धरतात
ते फॉर्मच्या तळटीपेत दिलेलं नाही.

जुम्मा तडवी बाटल्या पुसता पुसता विचारतो,
मॅडम, एच म्हणजे काय हो?
त्याच्या डब्याशेजारी सावद्याची केळी होती.
म्हटलं, समज घड टांगलाय.
वरून फण्या मोजत खाली ये.
सहाव्या फणीलाही निदान सहा केळी,
पण सातवीला सात नाहीत,
तर अंक सहा.
तो हसला. असला घड व्यापारी उचलायचाच नाही,
आमच्याकडे नवव्या फणीला बारा असतात.
मंग तुमचा?
मी म्हटलं, बाटल्यांवर तारीख टाक.

तर हिशेब असा.
वि. ना. झांबरे या नावावर पाच निबंध, लग्नाआधीचे.
वि. प्र. अत्तरदे या नावावर अकरा.
संगणकाच्या लेखी या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.
झांबरेचा अंक तीन, अत्तरदेचा चार,
दोघींना एका पंगतीत बसवलं तर पाच.
हवेत सहा.
लग्नाचा दाखला जोडून अर्ज केला,
उत्तर आलं, आपली विनंती रांगेत आहे.
अत्तरदेनं एकदा झांबरेचा दाखला दिला होता.
तो मात्र धरलाय.
रांग संपून आम्ही एक झालो
की तो स्वतःचा स्वतःला ठरेल, आणि वजा होईल.

आणि सगळ्यात जास्त दाखले कुणाला?
दोन हजार नऊच्या त्या निबंधाला. एकतीस.
त्यात मी एक जात चुकीची ओळखली होती.
नमुन्याचा मागचा काटा मोडला होता,
मला वाटलं, मुळातच नाही.
तेव्हापासून कोइमतूरपासून पोलंडपर्यंत
लोक माझं नाव घेतात एकाच वाक्यात,
"अत्तरदे यांच्या मताच्या विरुद्ध".
संगणक विरुद्ध वाचत नाही.
नाव वाचतो, एक वाढवतो.
दुरुस्तीचा निबंध मीच लिहिला, पुढच्याच वर्षी.
त्याला शून्य.

चांगदेवला सुपडू भोई नाव काढून देतो,
म्हणून नमुने मिळतात.
एका भाद्रपदात म्हटलं त्याला,
पाण्यात हिरवं शेवाळ फार झालंय,
मत्स्यबीज कोजागिरीनंतर सोडा.
परवा सोसायटीची जुनी वही चाळायला मिळाली.
चहाच्या डागाखाली निळ्या बॉलपेननं,
"अत्तरडेबाईंच्या सांगण्यावरून बीज थांबवले."
ड काढून.
म्हणजे ही तिसरी बाई.
हिचा अजून एकही निबंध नाही.

सात (क) मध्ये पाच लिहिलं, पेन्सिलीनं.
उजेड उतरतोय, बत्ती लावायला हवी.
चौकोन सहाशे बारा.
अगदी उजव्या रेषेवर एक बसलाय,
भिंगरी चालू आहे त्याची, पोटात अंडं दिसतंय.
नियमाप्रमाणे सोडते.
क्षणभर थांबून सोडते.